भिंतीवरची लाली

अहो, तुमचे फोटो आज देवळात लागले. सभामंडपाच्या डाव्या भिंतीवर, ओळीने, काचेच्या चौकटीत. आबांनी स्वतः खिळे ठोकले. ते तुमचे थोरले भाऊ, तरी शिडीवर, आणि खाली सगळी वाडी माना वर करून उभी. कोणी म्हणालं, लय भारी. कोणी म्हणालं, पर हाय काय ह्यात? मी बायकांच्या मागे उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही ते बरं झालं. मला जे विचारायचं आहे ते तुम्हालाच विचारायचं आहे.

खांबाजवळचा शेवटचा फोटो. त्यातली लाली बरोबर आहे का?

तो फोटो तुम्ही काढलात तसा राहिलेला नाही. त्यातली लाली पुसली गेली, मग ती परत भरावी लागली, आणि किती भरायची ते मला सांगावं लागलं. तुम्ही असतात तर एका नजरेत सांगितलं असतंत. तुम्ही नाहीत म्हणून ते माझ्यावर आलं. चौथीनंतर इतकं लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. दुपारी सरबताच्या स्टॉलवर गडावरून उतरणारं कोणी नसतं तेव्हा लिहिते आहे. कोणाची चाहूल लागली की कागद ताटाखाली सरकवते.

तुम्ही गेलात तेव्हाचं मी काही लिहिणार नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला तुमचे हात आठवतात. लोणावळ्याच्या पॉइंटवर फोटो काढायचात तेव्हा गळ्यात कॅमेरा, खांद्याला छोटा प्रिंटर, आणि दिवसभर तुमचं हिंदी. "मॅडम, थोडा राइट. सर, गॉगल उतारो. अब हवा में हाथ!" घरी येऊन तुम्ही आपल्या मनीषाला तसंच उभं करायचात. ती लहान होती, हवेत हात करून दमून जायची. मी चुलीपुढून हसायचे, तुम्ही कॅमेरा माझ्याकडे वळवला की पदर तोंडावर घ्यायचे. तुमच्याकडे माझा एक फोटो धड नाही. एकात पदर आहे, एकात हात आहे, एकात मी उठून चालले आहे. तुम्ही म्हणायचात, "सगळं जग माझ्याकडं तोंड करून उभं ऱ्हातंय, आन् घरातलं मानूस पाठ."

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. लोक तुमच्याकडेच यायचे, आपला मोबाइल तुमच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, भैया, एक फोटो निकालो ना. तुम्ही काढून द्यायचात. हे तुम्ही आम्हाला हसत सांगितलंत, मनीषाही हसली, आणि त्या दिवशी तुम्ही ताटावरून अर्धवट उठलात. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही, ते अजून मला कळत नाही. विचारलं असतं तर तुम्ही चिडला असतात.

तुम्ही पॉइंट सोडून स्टॉलवर माझ्याबरोबर बसायला लागलात. तुम्हाला सरबत विकता यायचं नाही. गिऱ्हाईक समोर उभं, आणि तुम्ही त्याच्या मागे डोंगराच्या अंगावर ढगाची सावली कशी चालली आहे ते बघत. "अहो, लिंबू पिळा," म्हटलं की दचकायचात. मग एके दिवशी सकाळची भाकरी खाऊन कॅमेरा घेऊन गेलात ते जेवायच्या वेळेला आलात. गुडघे पांढरे, कोपर खरचटलेलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "कुटं जाता?"

"चल," म्हणालात. "दावतो."

वाडीच्या मागे ओढ्याने कातळ चिरून ती घळ केली आहे. माझं सासरचं सगळं आयुष्य तिच्या वरच्या अंगाला करवंदं काढण्यात गेलं, पण आत मी कधी उतरले नव्हते. पावसाळ्यात तिथे पाणी, आणि पाणी आटलं की तिथे कोणाचं काय काम? तुम्ही मला हाताला धरून खाली नेलंत. दोन्ही बाजूंना काळ्या भिंती, इतक्या जवळ की हात पसरले तर बोटं लागतील असं वाटावं. वर आकाशाची एक पट्टी. ऊन नुसतं वरच्या काठावर बसलं होतं. तुम्ही खिशातून बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा काढलात, त्याला मधे चौकोनी भोक पाडलेलं. "ह्यातनं बघ," म्हणालात.

मी बघितलं. "काय दिसतंय?"

"कातळ."

"नीट बघ."

"कातळच हाय. त्याच्यावर ऊन हाय."

"आता कातळ इसर."

मला ते जमेना. मी म्हटलं, "कशाचा फोटू काढताय तुमी?"

"उजेडाचा."

"उजेड अंगणात बी हाय की. त्यासाठी गुडघं फोडून घ्यायची काय गरज?"

तुम्ही इतके हसलात की घळीतून तुमचं हसू परत आलं. पण मग तुम्ही मला समजावून सांगितलंत, तुम्हाला जमेल तसं. फोटोत आकाश नको, झाड नको, माणूस नको. भिंत हाताएवढी आहे का हत्तीएवढी हे कळायला नको. मी विचारलं, "मग कळाया काय पाह्यजे?" तुम्ही डोकं खाजवलंत. "तेच तर मला बी कळंना, कुसमे. कळलं की सांगतो."

ते तुम्ही सांगायचं राहिलं.

त्यानंतर मी तुमच्याबरोबर पुष्कळदा आले. दिवाळी सरली की ऊन तिरकं होतं आणि घळीत थोडं थोडं उतरायला लागतं, तेव्हापासून होळीपर्यंत. मनीषा आंबीच्या कंपनीत लागल्यापासून सकाळीच घराबाहेर पडायची. मी डब्याचं आवरून, स्टॉलवर शेजारणीला बसवून यायचे. माझं काम नुसतं बसायचं. तुम्ही पुठ्ठ्याच्या भोकातून बघत भिंतीला चिकटून सरकायचात, एक पाऊल, अर्धं पाऊल, मग खाली पोटावर. मग थांबायचात. सावलीची कड भिंतीवरून सरकत यायची, चुन्याच्या पांढऱ्या ओघळाला लागायची, आणि तुम्ही श्वास धरायचात. मीही धरायचे. कधी ढग यायचा आणि सगळं विझायचं. तुम्ही ढगाला शिव्या द्यायचात, मी भाकरी सोडायचे.

आपलं भांडण तिथलंच. मला गप्प बसवायचं नाही. मी म्हणायचे, "ही बगा म्हशीची पाठ. हा भाकरीचा पापुद्रा. ह्या मुंडावळ्या." तुम्ही वैतागायचात. "नाव ठिवू नको गं. नाव ठिवलं की बघनं संपलं."

"नाव न्हाई तर हाक कशी मारायची?"

"तू माझं नाव कवा घेतलंस? तरी मारतीस न्हवं हाक?"

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बाकी सगळा संसार 'अहो' वरच झाला. त्या दिवशी तुम्ही जिंकलात आणि दिवसभर मिश्या पिळत होतात. आता मला उत्तर सुचतं आहे. नाव न घेता हाक मारता येते, पण त्याला माणूस समोर लागतो. आता मी 'अहो' म्हटलं तर ते कोणाला जाईल? तरी परवा सवयीने म्हणाले. शेजारच्या खोलीतून मनीषा धावत आली.

लालीचा दिवस तुम्हाला आठवतच असेल. पाटलांच्या घरचं लग्न होतं, माघातलं. मी लाल साडी नेसले होते, मनीषाने पहिल्या पगारातून घेतलेली. मांडवातून निघाले तर तुमचा पत्ता नाही. मला कळलं कुठे असाल. तशीच काट्याकुट्यातून घळीत उतरले, तुम्हाला चार शब्द सुनवायला. तुम्ही खाली बसलेले होतात. मी समोर आले आणि तुम्ही ओरडलात, "हलू नको!"

मी उचललेला पाय तसाच धरला. "साप हाय का?"

"न्हाई. तू हायस."

मला काही कळेना. तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात, माझ्या समोरच्या सावलीतल्या भिंतीकडे बघत होतात. "थोडी मागं हो. अजून. आता पदर पसरून धर."

"येडं लागलं का? कुनी आलं म्हंजी?"

"अगं धर की! कातळ लाल व्हायलाय."

मी मान वळवून बघितलं. खरंच. ऊन माझ्या पदरावर पडत होतं आणि पदरावरून उठून समोरच्या काळ्या भिंतीवर जात होतं. तिथे, सावलीच्या आत, एक लाली होती. लालभडक नाही. लहान मुलाला ताप आला की गाल होतात तशी. मी हात जरा खाली घेतला की ती खाली यायची. तुम्ही पोटावर पडून काढत राहिलात आणि मी दोन्ही हात पसरून, पदर धरून उभी. हात भरून आले तरी खाली घेतले नाहीत. मग तुम्ही कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मला दाखवलंत.

"माझा फोटू काढलात व्हय?"

"तुझा न्हाई. तुझ्यावरनं आलेल्या उन्हाचा."

भाकरी नव्हती, म्हणून लग्नातले लाडू खाल्ले. तुम्हाला वाटलं असेल, हिला कळलं नाही. कळलं होतं. तो एकच माझा फोटो आहे ज्यात मी तोंड लपवलेलं नाही. हे मला तेव्हा बोलायला यायला हवं होतं. पण बोलायला तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि तुम्ही म्हणाला असतात, काय झालं, हात दुखले का?

तुम्ही तो फोटो दिलीपभाऊजींना दाखवलात. लोणावळ्याच्या बाजारपेठेत स्टुडिओ चालवणारे तुमचे मित्र, त्यांनी तुमच्या सगळ्या फोटोंची थट्टा केली. "काय रं हे? पोटातला फोटू का? सोनोग्राफी का काय?" तुम्ही हसलात आणि लाल कशाने आलं ते सांगितलं नाहीत. परत येताना मळवलीच्या स्टेशनवर बसून मला म्हणालात, "ते आपल्या दोघांतच ऱ्हाऊ दे." मी हो म्हटलं. तेच आता मला नडतं आहे.

दहाव्याला तुमच्या पिंडाला कावळा शिवेना.

आम्ही बायका जरा लांब, झाडाखाली. नदीवर ऊन चढत चाललं होतं. कावळे होते, फांदीवर ओळीने बसले होते, पण एक खाली येईना. आबा पिंडापुढे हात जोडून उभे. "पोरीचं लगीन आमी करू. थाटात करू." कावळा नाही. "स्टॉल कुसुमचाच ऱ्हाईल. कुनी हात लावनार न्हाई." कावळा मान वाकडी करून बघतो आणि बसून राहतो. लोक एकमेकांना विचारायला लागले, काय राहिलंय ह्याचं? कोणी म्हणालं, आंबा आवडायचा. कोणी म्हणालं, तंबाखू ठेवा. तंबाखू ठेवली. मला वाटलं, तुम्ही बघत असाल तर हसत असाल. मग आबांचा आवाज बसला. ते म्हणाले, "बाबा, तुझं ते कातळाचं फोटू आमी कवा धड बघितलं न्हाई. मोटं करून देवळात लावतो. महिन्याच्या आत लावतो. आता जा."

आणि कावळा आला.

सगळ्यांनी नमस्कार केला. आबा तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. माझ्या मागची एक बाई म्हणाली, "तरी मी म्हनत हुते, क्यामेऱ्यातच जीव अडकला आसनार." मला कळेना. तुम्हाला खरंच ते हवं होतं का? तुम्ही तर दिलीपभाऊजी सोडले तर स्वतः कधी कोणाला दाखवायला धजला नाहीत. का कावळ्याला भूक लागली होती? पण आबांनी शब्द दिला होता, तोही पिंडापुढे. त्याच्यापुढे मी काय आणि तुम्ही काय.

दिलीपभाऊजींनी कॅमेरा नेला. ते फार मनापासून काम करत होते, हे मी आधी सांगते. गिऱ्हाइकं थांबवून त्यांनी तुमचे फोटो घेतले. बोलावणं आलं तेव्हा आबा, मनीषा आणि मी लोणावळ्याला गेलो. स्टुडिओत लग्नातले फोटो लावलेले, नवऱ्या मुलींचे गाल गुळगुळीत. भाऊजींनी मला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरवर एकेक फोटो लावत गेले.

मी ओळखलंच नाही.

सगळा कातळ उजळलेला. जिथे तुम्ही काळं सोडलं होतं, तिथे भेगा दिसत होत्या, वाळलेलं शेवाळ दिसत होतं, एका कोपऱ्यात प्लास्टिकची बाटलीसुद्धा दिसत होती. सावलीची कड, जिच्यासाठी आपण श्वास धरायचो, ती पुसट झाली होती.

"बगा वैनी," भाऊजी म्हणाले, "रेघ न् रेघ दिसती. त्यानं काळं लय सोडलं हुतं. देवळात काळं कसं लावायचं?"

"झ्याक," आबा म्हणाले. "आत्ता दिसतंय काय हाय ते. आधी नुसता अंधार हुता."

"आन् वैनी, वरची बाजू कंची? मला काय उमगंना. तुमी संगं असायच्या न्हवं?"

मी बघितलं. मला सांगता येईना. मी बसायचे तिथून भिंत उभी दिसायची, तुम्ही पोटावर पडून कॅमेरा तिरका धरायचात. मी म्हटलं, "न्हाई सांगता येत." आबांनी मान हलवली. "मग चुन्याचा ओघळ खाली येतोय तसं लावा. पानी काय वर जात न्हाई." ते शहाणपणाचंच बोलणं होतं.

मग शेवटचा आला. राखाडी कातळ. नुसता राखाडी.

"ह्याच्यात लाल झाक आलती," भाऊजी म्हणाले. "कॅमेऱ्याचं कायतरी बिघाडलं असंल. काढून टाकली."

मी मनीषाचं मनगट धरलं. तिने विचारलं, "काय गं आई?" मला वाटलं बोलू नये. दोन मोठी माणसं समोर, आबांच्या पुढे मी आजवर जेवायला वाढताना सोडून तोंड उघडलेलं नाही. पण तोंडातून आलं, "ते लाल ऱ्हाऊ द्यायचं हुतं."

आबा वळले. "का गं?"

काय सांगू? तुम्हीच सांगा, काय सांगणार होते? घळीत मी पदर पसरून उभी होते, असं थोरल्या दिरापुढे? मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "त्यांना आवडायचं."

"मंग ठीक हाय," आबा म्हणाले. "दिल्या, लाव जुना."

भाऊजी शोधायला लागले. शोधता शोधता त्यांची पाठ वाकत गेली. मग ते हात मांडीवर घेऊन बसले. "वैनी, जुना न्हाई. मी सगळं दुरुस्त करून त्याच्यावरच टाकलं. आन् कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करून तुमच्या घरी पाठवलं. लग्नाच्या आर्डरीला आमी तसंच करतो, गिऱ्हाइकाला कार्ड मोकळं करून द्यायचं... माझ्या डोक्यात बी आलं न्हाई." त्यांचा चेहरा असा झाला की मलाच त्यांची दया आली. त्यांनी तुमच्या फोटोंची थट्टा केली होती, आणि आता त्यांच्याच हातून ते गेले होते. "लाल मी परत घालतो," ते म्हणाले. "तुमी म्हनाल तेवढं घालतो. फकस्त किती ते सांगा."

मी म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत ती साडी घेऊन घळीत गेले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच. लाल अंगावर घ्यायचं नाही आता, म्हणून पिशवीत. वाटलं होतं, एकदा डोळ्यांनी बघून घेते, म्हणजे भाऊजींना सांगता येईल. पण लालीचा दिवस माघातला, आणि आता मार्गशीर्ष चालू आहे. ऊन त्या भिंतीपर्यंत उतरलंच नव्हतं, वरच थांबलं होतं. मी वाट बघितली. जरा वेळाने उन्हाचा एक तुकडा पलीकडच्या दगडावर आला, तेवढाच. मी साडी करवंदीच्या जाळीवर पसरली. समोरच्या भिंतीवर काहीतरी लालसर आलं, पण ते फडक्याचं लाल होतं, निर्जीव. मग मी इकडेतिकडे बघितलं आणि साडी अंगाभोवती घेतली. पदर धरला, हात पसरले. भिंतीवर काहीतरी हललं. पण तुम्ही बसायचात ती जागा माझ्या मागे, खाली, दगडाच्या कडेला. तिथून काय दिसतं ते बघायला मी पदर सोडून तिथे जावं, तर लाली जाते. आणि इथे उभं राहावं, तर मला तुमच्यासारखं दिसत नाही. दोनदा गेले, दोनदा आले. मग उन्हाचा तुकडाही सरकला. मी साडीची घडी घालून तिथेच बसले. घळीत माझा श्वास मलाच ऐकू येत होता, त्याला जोडीला कोणाचा श्वास नव्हता.

एक मात्र सांगते. तुमच्या जागेवर बसून मी पुठ्ठ्याच्या भोकाशिवाय नुसतं बघितलं, आणि कातळावर ना म्हैस दिसली, ना भाकरी. नाव सुचलं नाही. तुम्ही असतात तर खूश झाला असतात. मला मात्र ते फार पोकळ वाटलं.

परत स्टुडिओत गेलो तेव्हाही आबा बरोबर होते. त्यांना चौकटींचं माप घ्यायचं होतं. भाऊजींनी तो फोटो लावला आणि खालची एक खूण धरून उजवीकडे ओढायला लागले. राखाडी कातळावर लाल चढायला लागलं. "सांगा वैनी, कुटं थांबू?"

आधी विटेसारखं झालं. "न्हाई," मी म्हटलं. त्यांनी कमी केलं, मग जागा बदलली, कडा मऊ केल्या. मग कुंकू सांडल्यासारखं झालं. "न्हाई." मनीषा माझ्या कानाशी म्हणाली, "आई, डोळे मिट आणि आठव." मी डोळे मिटले. मला फोटो आठवेना. मला तुम्ही आठवलात, पोटावर पडलेले, एक डोळा मिटलेला, शर्टाच्या कॉलरला चुना लागलेला, आणि म्हणताय, हात खाली घेऊ नको, कुसमे, थोडं, अजून थोडं. रंग नव्हताच त्यात. डोळे उघडले तर भाऊजींचा हात हळूहळू सरकत होता, आणि भिंतीवर लाली येत होती. येत होती. खरंच तापल्या गालासारखी यायला लागली होती. मी पुढे वाकले. अजून जराशी पुढे गेली असती तर...

शेजारी आबा उभे होते. ते फोटोकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. माझा चेहरा कसा झाला होता ते मला ठाऊक नाही, पण त्यांनी काहीतरी ओळखलं असावं, कारण त्यांनी एकदम मान फिरवली आणि स्टुडिओच्या भिंतीवरच्या फोटोतल्या नवरा-नवरीकडे बघायला लागले.

"बास," मी म्हणाले.

"हितं?"

"व्हय. बास."

भाऊजींनी हात काढला. मनीषा म्हणाली, "छान दिसतंय, आई." आबा म्हणाले, "चला, झालं एकदाचं."

आज देवळात त्याच्यासमोर मी उभी राहिले. बायका आरतीला गेल्या तेव्हा जवळ जाऊन बघितला. लाली आहे. पण ती थोडी कमी आहे. तुमची इतकी कमी नव्हती, हे मला आता, काचेतून, अगदी नक्की कळतं आहे. भाऊजींचा हात अजून जरा पुढे जायला हवा होता. मी जाऊ द्यायला हवा होता.

पण अहो, शेजारी आबा होते. मी लाजले, आणि लवकर बास म्हणाले.